शिळेवर नाव कोणाचे? गोवा मुक्तिलढ्यात पडलेल्या स्वयंसेवकांची गावपातळीवरची यादी कशी ठरवावी

पोर्तुगीजांविरुद्धच्या गोव्याच्या लढ्यात पडलेल्यांची आठवण म्हणून गावात शिळा बसवायचे ठरले की वर्गणी जमते, जागा मिळते, पाथरवटही मिळतो. अडते ते नावांपाशी. एकजण म्हणतो, "आमचे आजोबा पत्रादेवीच्या गोळीबारात होते, त्यांचे नाव हवेच." आजोबा तिथे, गोव्याच्या सीमेवरच्या त्या नाक्यावर, होते हे खरेच असते, पण ते वारलेले असतात तीस वर्षांनी, घरी, अंथरुणावर. आणि खालच्या वाडीतल्या एकाचे नाव कोणीच काढत नाही, कारण तो सत्याग्रही नव्हता. तुकडीला रात्री वाट दाखवायला गेला आणि परतला नाही, एवढेच.

अशी यादी करायला बसलेल्या समितीसाठी हे लिहितो आहे. उदाहरण गोव्याचे घेतले, कारण तिथे बहुतेक सगळे पेच एकत्र सापडतात: निःशस्त्र सत्याग्रही आणि सशस्त्र दले, स्थानिक माणसे आणि पंजाब-बंगालहून आलेली माणसे, सीमेवरचे मृत्यू आणि कोठडीतले मृत्यू. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. यादीत कोण बसते हे नावे समोर येण्याआधी ठरवा आणि कागदावर लिहा. नाव समोर आल्यावर केलेला नियम हा त्या माणसाच्या मापाने शिवलेला सदरा असतो. पुढच्याला तो होत नाही.

मथळ्यापासून सुरुवात

पहिल्या बैठकीत एकाही नावाची चर्चा करू नका. फक्त शिळेच्या माथ्यावर काय कोरायचे ते ठरवा. "गोवा सत्याग्रहातील हुतात्मे" असे लिहिले तर सशस्त्र गटांतली माणसे बाहेर पडतात. "गोवा मुक्तिलढ्यातील हुतात्मे" लिहिले तर ती आत येतात. "आमच्या तालुक्यातील" हे दोन शब्द घातले की बाहेरून येऊन तुमच्या हद्दीत पडलेला माणूस वगळला जातो. मथळ्यातला प्रत्येक शब्द कोणाला तरी आत घेतो आणि कोणाला तरी बाहेर ठेवतो. म्हणून तो एखाद्या कविमनाच्या सभासदाकडे सोपवू नका.

त्याच बैठकीत आणखी एक निर्णय घ्या: शिळा एकाच यादीची की दोन याद्यांची? माझ्या मते दोन हव्यात. एक पडलेल्यांची, दुसरी सहभागींची. निम्मी भांडणे इथेच मिटतात. मोहन रानडे सांगलीचे. आझाद गोमंतक दल या सशस्त्र गटात होते, १९५५ मध्ये पकडले गेले आणि थेट १९६९ मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले. गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली तरी हा माणूस आत होता. ते २०१९ मध्ये पुण्यात वारले. सहोदराबाई राय मध्य प्रदेशच्या. १५ ऑगस्ट १९५५ ला तिरंगा घेऊन जाताना त्यांना गोळ्या लागल्या, त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेत निवडून गेल्या. पडलेल्यांच्या यादीत या दोघांपैकी कोणीच बसत नाही. त्यांचा त्याग कमी ठरला असा याचा अर्थ नाही. ती यादी त्याग मोजण्यासाठी नाहीच. हे वाक्य ठरावात लिहून ठेवा, पुढे दहा वेळा वाचून दाखवावे लागेल.

काळाच्या दोन खुंट्या

सुरुवातीसाठी १८ जून १९४६ ही तारीख बहुतेकांना पटते. त्या दिवशी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. शेवट १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो दिवस. १९४६ आधीची, सत्तरीच्या राणे घराण्याची बंडे हा वेगळा इतिहास आहे. त्यांची शिळा जरूर करा, पण वेगळी. दादरा आणि नगर हवेली जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये सुटले. पोर्तुगीज तेच, पुष्कळसे कार्यकर्तेही तेच. मथळ्यात फक्त "गोवा" असेल तर हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच हो किंवा नाही ठरवा.

तारखा किती निष्ठुर असतात ते पाहा. केंद्र सरकारने भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेकडून स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांचा पाच खंडांचा कोश करून घेतला. त्याचा काळ १८५७ ते १९४७. म्हणजे १९५५ साली पत्रादेवीला पडलेला माणूस केवळ सालामुळे त्या चौकटीबाहेर जातो. तुमच्या गावातला कोणी म्हणाला की "सरकारी कोशात नाव नाही, म्हणजे हा हुतात्मा नाही", तर आधी त्या कोशाचा काळ दाखवा.

दुसरी गोष्ट, काळाची अट घटनेला लावा, मृत्यूला नको. नोव्हेंबर १९६१ मध्ये मार खाल्लेला माणूस फेब्रुवारी १९६२ मध्ये त्याच जखमांनी गेला, तर तो यादीतलाच. महायुद्धांतल्या राष्ट्रकुल सैनिकांची स्मारके सांभाळणारा युद्धसमाधी आयोग (खडकीची युद्ध दफनभूमी त्याच्याच देखभालीत आहे) पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरतो. लढाई तर ११ नोव्हेंबर १९१८ लाच थांबली होती. दुसऱ्या महायुद्धासाठी त्यांची शेवटची तारीख ३१ डिसेंबर १९४७ आहे. लढाई थांबली तरी माणसे मरायची थांबत नाहीत, हे त्यांनी तारखांतच मांडून ठेवले आहे.

स्वयंसेवक म्हणजे कोण

सगळ्यात सोपा माणूस तुकडीतला. १९५४ मध्ये पुण्यात सर्वपक्षीय गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. १८ मे १९५५ ला ना. ग. गोरे यांची तुकडी गोव्यात शिरली, मागोमाग इतर गेल्या. १५ ऑगस्टला देशभरातून आलेल्या हजारो माणसांनी वेगवेगळ्या नाक्यांवरून प्रवेश करायचा प्रयत्न केला. या माणसांनी नावे नोंदवली होती, त्यांच्या तुकड्यांना नायक होते, अनेकांच्या घरी निघण्यापूर्वीचे पत्र असते. पंजाबातल्या ईसडू गावचे करनैलसिंग बेनिपाल त्याच दिवशी गोळीने पडले. त्यांच्याबद्दल कोणतीच समिती अडणार नाही.

खरी कसोटी पुढच्या माणसांपाशी लागते.

सशस्त्र दलांतली माणसे. बार्देशातल्या अस्नोड्याचे बाळा राया मापारी आझाद गोमंतक दलाचे. फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलीस कोठडीतल्या छळाने त्यांचा मृत्यू झाला. गोव्यात त्यांना मुक्तिलढ्याचा पहिला हुतात्मा मानतात. मथळ्यात "सत्याग्रह" हा शब्द असेल तर नियमाने ते बाहेर जातात. ज्यांना पहिला म्हणतात तेच ज्या मथळ्यात बसत नाहीत, तो मथळाच बदलावा असे माझे मत आहे. पण मत वेगळे असू शकते. निःशस्त्र मार्गाचीच शिळा उभारायची आहे असे एखाद्या सर्वोदयी संस्थेने ठरवले तर तेही रास्त. चुकीचे एकच: मथळा सत्याग्रहाचा ठेवायचा आणि आपल्या ओळखीचा एक सशस्त्र माणूस गुपचूप आत घ्यायचा.

वाटाडे, होडीवाले, आसरा देणारे. यांनी कुठे सही केलेली नसते. तुकडीच्या हजेरीत यांचे नाव नसते. पण दोडामार्गाच्या रानातून किंवा तेरेखोलच्या खाडीतून रात्री माणसे पलीकडे नेणाऱ्याला पकडले गेल्यावर सत्याग्रह्यापेक्षा कमी मार बसत नव्हता. "ज्याने जाणूनबुजून, धोका ठाऊक असताना, लढ्याचे काम केले तो स्वयंसेवक" अशी व्याख्या केली की हे आत येतात. सही, गणवेश, सभासदत्व यांची अट घातली की बाहेर जातात. ही अट घालणाऱ्या समित्यांच्या याद्या सुशिक्षितांच्या होतात. कुळवाडी, मच्छीमार आणि बायका त्यांतून गळतात. समितीने हा धोका ओळखून व्याख्या लिहावी.

पैसे घेऊन वाट दाखवणारा असेल तर? माझ्या मते तरीही आत. होडीचे भाडे घेतले म्हणून गोळी चुकवता येत नव्हती.

बघे आणि वाटसरू. जालियनवाला बागेत बैसाखीला आलेली माणसेही मेली आणि वर सांगितलेल्या कोशात बागेतल्या मृतांची नोंद आहे. पण तुमच्या शिळेवर "स्वयंसेवक" हा शब्द असेल तर बाजाराला चाललेला माणूस त्यात बसत नाही. त्याला सोडूनही देऊ नका. त्याच शिळेवर खाली, वेगळ्या ओळीखाली, "गोळीबारात बळी पडलेले नागरिक" असे लिहून नाव द्या. घरच्यांना हे बहुधा आवडते. आपला माणूस जे नव्हता ते त्याला ठरवले जावे, असे फार थोड्या घरांना वाटते.

जवान. डिसेंबर १९६१ च्या कारवाईत अंजदीव बेटावर उतरताना नौदलाची माणसे पडली, इतरत्रही सैनिक गेले. ते सेवेत होते, त्यांची स्मारके वेगळी आहेत. गावचा जवान त्यात असेल तर वेगळ्या मथळ्याखाली नाव द्या, स्वयंसेवकांत मिसळू नका.

मृत्यू कोणता धरायचा

जागच्या जागी गोळी लागून गेलेला, लाठ्यांनी मेलेला, कोठडीत मेलेला, जखमेने पुढे रुग्णालयात गेलेला. इथवर वाद नाही. त्यापुढे चढ सुरू होतो.

आग्वादच्या किंवा रेइश मागूशच्या तुरुंगात आजाराने गेलेला माणूस घ्या. गोळी नाही, मार नाही, नुसता ताप आणि रक्ताची हगवण. तो यादीत घ्यावा असे मला वाटते. युद्धसमाधी आयोग सेवेत असताना झालेला मृत्यू धरतो, मग तो गोळीने असो, साथीने असो की अपघाताने. कैद्याला औषध मिळणे न मिळणे त्याच्या हातात नव्हते, ते ज्यांच्या हातात होते त्यांनीच त्याला धरून ठेवले होते.

वाटेत मेलेला माणूस: ऑगस्टचा पाऊस, फुगलेला ओहोळ, रानातला साप. सीमेकडे जाताना किंवा परतताना, तुकडीबरोबर असताना हे घडले असेल तर आत. सत्याग्रह आटोपून मुंबईला मामाकडे गेला आणि तिथे ट्रामखाली सापडला, तर बाहेर.

सुटून आल्यावर खंगून गेलेला माणूस सगळ्यांत अवघड. कुटुंब म्हणते, "तो तुरुंगातून आला तो पूर्वीचा राहिलाच नाही." हे शब्दशः खरे असते. पण बारा वर्षांनी क्षयाने आलेला मृत्यू तुरुंगाच्या नावे टाकायला कागद लागतो. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकावरही हाच पेच आला. रणांगणावरच्या जखमांनी उशिरा गेलेल्यांची नावे भिंतीवर नंतर कोरली जातात. युद्धातल्या विषारी फवारणीमुळे किंवा मनावर झालेल्या आघातामुळे वर्षांनी गेलेल्यांची कोरली जात नाहीत. त्यांच्यासाठी २००४ मध्ये भिंतीजवळ वेगळी फरशी बसवली. काहींना ही पळवाट वाटते. मला ती प्रामाणिक वाटते, कारण मूळ यादीचा नियम न वाकवता त्या माणसांना जागा मिळाली.

तुमच्या नियमात असे लिहा: जखम किंवा कैद यांमुळेच मृत्यू आला असे डॉक्टरचा, तुरुंगाचा किंवा त्या काळातल्या वृत्तपत्राचा कागद सांगत असेल तर वर्षांची मर्यादा नाही. कागद नसेल तर सुटकेपासून एक वर्ष. एकच का? दोन का नाही? याला शास्त्रीय उत्तर नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते आणि ती सगळ्यांना सारखी लागली की लोक ती मानतात.

आत्महत्या समितीत कोणी उच्चारत नाही, पण प्रकरण येते. छळाच्या भीतीने कोठडीत स्वतःला संपवलेला माणूस कोठडीतल्या मृत्यूच्याच नियमात येतो. शिळेवर कोणाच्याच मृत्यूचे कारण कोरू नये, म्हणजे हा प्रश्न तिथे उरत नाही.

सगळे नियम थकले की एक प्रश्न विचारा: हा माणूस या कामाला गेला नसता, तर त्या वेळी त्या कारणाने मेला असता का? "नसता" असे उत्तर ठामपणे देता आले तर नाव घ्या. अडखळत आले तर पुरावा पुन्हा पाहा.

गावाशी नाते

जन्मगाव, राहते गाव, जिथून तुकडीत निघाला ते गाव, जिथे पडला ते गाव. एकाच माणसावर चार गावांचा हक्क सांगता येतो आणि सांगू द्यावा. शिळा ही मालमत्ता नव्हे, दोन ठिकाणी नाव असले तर काही बिघडत नाही. फक्त मुंबईच्या गिरणीत कामाला असलेला कोकणातला माणूस दोन्ही ठिकाणी सुटलेला नाही ना, ते पाहा. गिरणगावाला वाटते त्याचे नाव गावाकडे असेल, गावाला वाटते मुंबईत असेल.

कागद कुठे शोधायचे

नियम झाले, आता नावे मागवा. प्रत्येक नावामागे एकमेकांवर न अवलंबून असलेले दोन पुरावे हवेत आणि त्यांतला निदान एक त्या काळातला हवा.

शोधताना जुनी नावे वापरा, नाहीतर हाती काही लागणार नाही. १९५५ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता; बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग हे सगळे रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये झाला. रायगडाला तेव्हा कुलाबा म्हणत. बेळगाव आणि कारवार नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे कॅसलरॉक किंवा माजाळीकडून गेलेल्यांचे कागद कर्नाटकाऐवजी मुंबईच्या दप्तरात निघू शकतात. मुंबईला पुराभिलेख संचालनालय आहे, पणजीला गोवा सरकारचे अभिलेखागार. दोन्हीकडे अर्ज करताना माणसाच्या नावाआधी घटनेची तारीख आणि नाका द्या.

पोर्तुगीज कागदांत नाव ओळखणे ही वेगळीच विद्या आहे. रोमन लिपीत "श" साठी एक्स हे अक्षर येते, "के" साठी क्यूयूई, आडनावातल्या "कर" चा क सी या अक्षराने लिहिलेला असतो. प्रभूचा "पोरोबो" होतो, शेणव्याचा "सिनाय". "शंकर" शोधायला एसच्या रकान्यात गेलात तर आयुष्यभर सापडणार नाही, एक्सच्या रकान्यात पाहा. याच कारणाने एकच माणूस दोन नावांनी दोनदा यादीत येतो. मराठी वृत्तपत्रातला "केशव" आणि लष्करी न्यायालयाच्या कागदातला "केशोव" हे एकच आहेत का, हे वडिलांच्या नावावरून आणि गावावरून जुळवा.

वृत्तपत्रांत केसरी आणि सकाळ यांचे १९५५ चे अंक चाळा. केसरीचे जयंतराव टिळक स्वतः या चळवळीत असल्याने केसरीत बरेच सापडते. बातमी पहिल्या दिवशीची एक आणि आठवड्यानंतरची एक, अशा दोन्ही पाहा. पहिल्या दिवशी मेला म्हणून छापलेला माणूस पुढे रुग्णालयात जिवंत निघाल्याची उदाहरणे असतात. कोणी "गोमन्तक"चे १९५५ चे कात्रण आणले तर सावध व्हा. ते दैनिक १९६२ मध्ये सुरू झाले. कात्रण खोटेच असेल असे नाही, नंतरच्या आठवणीच्या लेखाचे असेल. पण मग तो त्या काळातला पुरावा राहत नाही.

छापील आधार म्हणून गोव्याच्या गॅझेटियर विभागाने १९८६ मध्ये काढलेला, पां. पु. शिरोडकर यांनी संपादलेला स्वातंत्र्यसैनिकांचा परिचयग्रंथ आणि महाराष्ट्र शासनाचे स्वातंत्र्यसैनिक चरित्रकोश पाहा. ते दिशा दाखवतात. त्यात नाव नसणे म्हणजे नकार नव्हे.

गावातले कागद लोक विसरतात. कोतवालाच्या बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. बाहेर मेलेल्याची नोंद तिथे बहुधा नसते, पण जमीन असेल तर वारसाचा फेरफार होतो आणि त्यात "मयत" म्हणून साल येते. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून जन्मतारीख आणि वडिलांचे नाव पक्के होते. एका फेरफारावर जितका भरवसा ठेवता येतो तितका मी तीन भाषणांवर ठेवणार नाही.

पेन्शनचा कागद मात्र जपून वापरा. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ मध्ये सुरू झाली आणि १९८० मध्ये तिचे नियम सैल झाले. तिची मुख्य अट सहा महिन्यांच्या कैदेची, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिन्यांची. हुतात्म्यांच्या वारसांनाही ती मिळते. पण अर्ज करायला कोणी नव्हते म्हणून पेन्शन न मिळालेली घरे पुष्कळ आहेत. अविवाहित तरुण गेला, आईवडील दोन वर्षांत गेले, भाऊ निरक्षर. अर्ज करणार कोण?

तोंडी साक्ष घेताना साक्षीदारांना एकत्र बसवू नका. पाच म्हातारे एका ओट्यावर बसले की सगळ्यात मोठ्या आवाजाची आठवण सगळ्यांची होते. प्रत्येकाला वेगळे भेटा आणि आधी हे विचारा: "काका, हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की कोणाकडून ऐकलंत?" ऐकले असेल तर कोणाकडून, तेही लिहा. तीन साक्षींचा उगम एकाच माणसात निघाला तर ती एकच साक्ष.

आकड्यांच्या मागे लागू नका. १५ ऑगस्ट १९५५ ला किती पडले याचे आकडे २१ पासून ३० पर्यंत सांगितले जातात. तुमचे काम तो वाद सोडवायचे नाही. तुमच्या हाती असलेल्या नावांपुरते बोला.

समिती आणि तिची वही

पाच किंवा सात माणसे. त्यांत एक शिक्षक किंवा ग्रंथपाल, जुनी कागदपत्रे वाचू शकणारा एकजण, निदान दोन स्त्रिया आणि बाहेरगावचा एक. बाहेरगावचा माणूस फार उपयोगी पडतो, कारण त्याला गावातल्या कोणाच्या लग्नाला जायचे नसते. राजकीय पक्षांचे प्रतिनिधी म्हणून कोणाला घेऊ नका. आपल्या घरातल्या नावाचा विचार चालू असताना त्या सभासदाने उठून बाहेर जावे. नुसते गप्प बसणे पुरेसे नाही.

प्रत्येक नावासाठी वहीत एक पान. वर नाव, खाली नियमाचे चार प्रश्न (काळ, काम, मृत्यू, नाते), प्रत्येकापुढे पुरावा, शेवटी निर्णय आणि कारण. निर्णय तीनच: घेतले, नाही, पुराव्याअभावी राखून ठेवले. "राखून ठेवले" हा रकाना लाजेचा नाही. तो नसेल तर समिती संशयित नावे दबावाखाली आत घेते किंवा कंटाळून बाहेर फेकते. नकाराचे कारण दोन ओळींत, नियमाचा आकडा देऊन लिहा. "समितीला योग्य वाटले नाही" हे कारण नव्हे.

कच्ची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत आणि मुंबई-पुण्याच्या ग्रामस्थ मंडळांत लावा. हरकतींसाठी दोन महिने द्या आणि त्यांत गणपतीचे दिवस येतील असे पाहा. चाकरमानी तेव्हाच गावात असतात, जुन्या पेट्या तेव्हाच उघडतात.

घरच्यांशी बोलताना

पहिल्या भेटीत काहीच कबूल करू नका, नाव लागेल असेही नाही आणि सरकारी मदत मिळेल असे तर मुळीच नाही. नकार कळवायचा असेल तर समितीतल्या दोघांनी घरी जाऊन कळवावा, मग पत्र द्यावे. "काकू, त्यांनी केलं ते आम्ही नाकारत नाही. पण ही यादी तिथेच गेलेल्यांची आहे. त्यांचं नाव सहभागींत येतंय, ते कसं लिहायचं ते तुम्हीच सांगा." असे बोलले की बहुतेक घरे ऐकतात. न ऐकणारेही असतात. त्यांना फेरविचाराचा अर्ज द्या आणि तो अर्ज आधी निर्णय न घेतलेल्या माणसांकडून तपासून घ्या.

क्वचित कुटुंबच नाव नको म्हणते. त्यामागे जुने भांडण असते, दुसरे लग्न असते, कधी पक्षाचा राग असतो. माणूस सार्वजनिक कामात पडला, म्हणून नाव घेण्याचा हक्क समितीला आहे असे मी मानतो. पण जवळचे रक्ताचे नातेवाईक हयात असतील तर त्यांच्या नकारापुढे थांबावे. नाव वहीत राहील, शिळेवर नंतर येऊ शकते.

कोरताना

क्रम आडनावाच्या अकारविल्ह्याने. वय, पद, जात, पक्ष किंवा देणगी यांवरून नको. "हुतात्मा" हा शब्द मथळ्यात एकदाच, प्रत्येक नावामागे नको. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, गाव आणि मृत्यूचे साल एवढे पुरे. शुद्धलेखन घरचे लिहितात तसे. एखाद्याचे फक्त पहिले नाव माहीत असेल तर तेवढेच कोरा. ओळख न पटलेला मृतदेह गावाने दहन केल्याचा पुरावा असेल तर "अनोळखी सत्याग्रही" अशी ओळ तिथे हवीच.

एकूण आकडा मात्र कोरू नका. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे पाहा. "एकशे पाच हुतात्मे" हे भाषणांतून, पोवाड्यांतून इतके रुजले की पुढे संख्या १०६ आणि मग १०७ झाली तरी वक्त्यांच्या तोंडून जुना आकडाच निघत राहिला. वाढलेल्या नावांना घोषणेत जागाच उरली नाही. नावे मोजता येतात, ज्याला मोजायची तो मोजेल. शेवटच्या नावाखाली निदान सहा-सात ओळींची मोकळी जागा ठेवा, किंवा नावांच्या पट्ट्या वेगळ्या करून स्क्रूने बसवा. पट्ट्यांचा खर्च थोडा जास्त येतो, पण एक नाव काढायला अख्खी शिळा फोडावी लागत नाही.

आणि नाव काढावे लागू शकते. व्हिएतनाम स्मारकाच्या भिंतीवर हयात असलेल्या काही सैनिकांची नावे कोरली गेली होती. चूक निघाली तर नियम असा ठेवा: काढण्यासाठी घालण्याइतकाच पुरावा, बैठकीत तेवढेच मत आणि वहीत तितकेच स्पष्ट कारण. गावात एखाद्या माणसाबद्दल नंतर काही वाईट समजले, म्हणून नाव काढायचे नाही. यादी त्याच्या मृत्यूबद्दल आहे, चारित्र्याबद्दल नाही. अपवाद एकच: तो दुसऱ्या बाजूचा खबऱ्या होता असे कागदोपत्री सिद्ध झाले तर.

शिळा बसल्यानंतर

वहीच्या तीन प्रती करा. एक ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या वाचनालयात, तिसरी जिल्ह्याच्या शासकीय ग्रंथालयात. राज्यभर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हुतात्मा स्मारके बांधली गेली. तुमच्या तालुक्याचे स्मारक जवळ असेल आणि कुलूपबंद नसेल तर तिथेही एक प्रत ठेवता येते. साक्षींच्या ध्वनिफिती भ्रमणध्वनीत ठेवून देऊ नका, कोणाचे तरी हँडसेट बदलते आणि सगळे जाते. साक्षीदाराची लेखी परवानगी, तारीख आणि ठिकाण यांसह त्या वेगळ्या डिस्कवर घ्या. कुटुंबांचे पत्ते आणि फोन प्रतींमध्ये जाऊ देऊ नका, ते समितीच्या मूळ वहीतच राहू द्या.

राखून ठेवलेली नावे वर्षातून एकदा उघडा. डिसेंबरचा पहिला आठवडा बरा, कारण १९ तारखेच्या कार्यक्रमासाठी माणसे तशीही जमतात आणि नाव मंजूर झाले तर पट्टी त्याच दिवशी बसवता येते. बैठकीला कोणीच नवा पुरावा आणला नाही तरी बैठक झाल्याची नोंद करा, खाली हजर असलेल्यांच्या सह्या घ्या आणि पुढच्या वर्षी पणजीला किंवा मुंबईला कोणत्या दप्तरासाठी अर्ज करायचा, कोणी करायचा, ते त्याच पानावर लिहून ठेवा.